बंधाऱ्याचे सहा फोटो

माझे वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. नोकरीची तेहतीस वर्षं विदर्भातल्या धरणांवर नि कालव्यांवर गेली, त्यामुळे वाहतं पाणी दिसलं की त्यांचे पाय आपोआप थांबतात. आम्ही लहान असताना गाडी एखाद्या पुलावर चढली की ते बोलता बोलता गप्प होत, खिडकीतून खाली बघत आणि पूल संपला की एखादा आकडा सांगत. आई म्हणायची, "अहो, सुट्टीवर आहात ना?"

२००४ च्या उन्हाळ्यात ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला आले. एकटेच आले. वहिनीचं बाळंतपण होतं म्हणून आई नागपुरातच थांबली. आमच्या घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मुलगी इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. बाबांना ती आबा म्हणायची आणि दोघांचं चांगलं मेतकूट जमलं होतं.

फ्रिस्कोत बाबांना बघण्यासारखं पाणी नव्हतं. आमच्या कॉलनीच्या मागे बिल्डरनं खोदलेलं एक तळं होतं, मधोमध कारंजं. बाबा रोज सकाळी त्याला एक चक्कर मारून येत आणि बूट काढताना म्हणत, "साचलेलं आहे." महिनाभर हे ऐकल्यावर नवराच म्हणाला, "जुलैच्या लाँग वीकेंडला दोन दिवस रजा जोडून कोलोरॅडोला जाऊ. बाबांना खरी नदी दाखवू."

एक गोष्ट आधी सांगायला हवी. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत आम्ही सगळेच जरा दबून राहायचो. नवऱ्याचा व्हिसा कंपनीच्या हातात, ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्यातरी ऑफिसात पडलेला. कुणाच्या घरी जेवायला जमलो की बायका पदार्थांबद्दल बोलत आणि पुरुष अशा गोष्टी सांगत: अमक्याला विमानतळावर तीन तास बसवून ठेवलं, तमक्याच्या शेजाऱ्यानं 'तुमच्याकडे इतके लोक कशाला येतात' म्हणून विचारलं. यातलं खरं किती, वाढवलेलं किती, कुणालाच माहीत नसे. पण मी ते सगळं घरी घेऊन यायचे. दुकानात कुणी दोन सेकंद जास्त बघितलं तरी मला वाटायचं, ह्याच्या मनात काय आहे? नवरा म्हणायचा, "तुला ना, सगळीकडे संशय."

दोन दिवस ड्राइव्ह करून आम्ही डोंगरातल्या एका लहानशा गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि चिवडा बॅगेत भरून नदीच्या घळीकडे निघालो. बाबांनी कानटोपी घातली होती, वर मफलर. पायात आम्ही घेऊन दिलेले पांढरे शुभ्र स्पोर्ट्‌स शूज. गळ्यात माझा डिजिटल कॅमेरा. तो मी त्यांना ट्रिपपुरता वापरायला दिला होता आणि त्यांना तो फार आवडला होता.

पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा बाजूला एक जुना पिकअप ट्रक उभा होता. आत साठीतला एक गोरा माणूस बसला होता. राखाडी टोपी, उन्हानं लाल झालेली मान. आम्ही उतरलो, बाबांनी कानटोपी नीट केली, मी मुलीला सनस्क्रीन लावलं. एवढा वेळ तो आमच्याकडे बघत होता. मी हसले. तो हसला नाही.

घळ मात्र काय सांगू! दोन्ही बाजूंना सरळसोट काळे कडे, वर निळ्या आकाशाची एक पट्टी, कड्यांच्या खाचांत अजून मळकट बर्फ साचलेला. खाली नदी दगडांवर आपटत, फेसाळत चाललेली. पाण्याचा रंग दुधात हिरवा मिसळल्यासारखा. वाट कड्याला चिकटून, कुठे लाकडी फळ्या टाकलेल्या, कुठे लोखंडी कठडा. एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. बाबा पहिल्या वळणावरच थांबले आणि कठड्याला धरून खाली बघत राहिले. मी जवळ गेले तर डोळे भरलेले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही बाप्पा. वारा आहे."

उंचीमुळे धाप लागत होती, म्हणून आम्ही दर दहा मिनिटांनी थांबत होतो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा मागे वळून बघितलं. राखाडी टोपीवाला शंभर पावलांवर उभा होता. तोही थांबलेला. पाणी पीत नव्हता, फोटो काढत नव्हता, नुसता उभा. आम्ही निघालो, तो निघाला. मी नवऱ्याला खुणेनं दाखवलं.

"अगं, ट्रेल एकच आहे. तो कुठे जाणार?"

"मग पुढे निघून जावं ना त्यानं. आपण किती हळू चालतोय."

नवऱ्यानं खांदे उडवले. पण नंतर दोनतीनदा त्यानंही मागे वळून बघितलेलं मी पाहिलं.

तासाभरानं घळ जरा रुंद झाली आणि तिथे एक छोटा बंधारा लागला. काँक्रीटची बुटकी भिंत, एका बाजूला लोखंडी दार आणि ते उचलायचं चाक. खालच्या गावाला पिण्याचं पाणी इथूनच जात असावं. तारेचं कुंपण होतं आणि 'आत येऊ नये' अशी पाटी. बाबा कुंपणाच्या आत गेले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. पण कुंपणाला नाक लावून उभे राहिले. जुना मित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"हे बघ, गेट बघ! अगदी आपल्यासारखंच. फक्त गाळासाठी त्यांनी इकडून वाट काढली आहे. काय डोकं आहे!"

त्यांनी फोटो काढले. समोरून, बाजूनं, चाकाचा जवळून. मग खिशातली डायरी काढली आणि नातीला कामाला लावलं. काठावर वीस पावलं मोजली. बाबा वरच्या टोकाला उभे राहून पाइनचं बोंड पाण्यात टाकायचे, ती खालच्या टोकाला उभी राहून बोंड समोरून गेलं की "नाउ!" म्हणून ओरडायची. बाबा घड्याळ बघून डायरीत लिहायचे. "पुन्हा एकदा," ते म्हणायचे. "तीन वेळा तरी घ्यायला पाहिजे." मुलगी आनंदानं उड्या मारत होती.

मी नदीकडे बघतच नव्हते. राखाडी टोपीवाला आता पन्नास पावलांवर एका दगडाला टेकून उभा होता आणि बाबांच्या हातांकडे बघत होता. मग तो सरळ आमच्याकडे चालत आला.

"कुठून आलात तुम्ही लोक?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"टेक्सास," नवरा म्हणाला.

"तसं नाही. मूळचे कुठले?"

"इंडिया."

त्यानं बाबांकडे मान वळवली. "ते काय लिहितायत?"

मी काही म्हणायच्या आत मुलगी म्हणाली, "ही इज मेझरिंग द वॉटर! हाऊ फास्ट इट गोज!"

"का?" त्यानं विचारलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून.

सत्तर वर्षांचा माणूस परक्या देशातल्या नदीचा वेग का मोजतो? "छंद आहे," मी म्हणाले. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं. तो "हं" म्हणाला आणि ज्या वाटेनं आला होता त्याच वाटेनं परत फिरला. लांब ढांगा टाकत, एकदाही मागे न बघता.

तो मागे होता तोवर भीती होती, पण ती डोळ्यांसमोर होती. तो दिसेनासा झाल्यावर मी त्या रिकाम्या वाटेकडेच बघत राहिले. नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. आतापर्यंत मला हसणारा हा माणूस कुजबुजत म्हणाला, "बाबांना सांग ना, बंधाऱ्याचे फोटो नकोत म्हणावं. वेळ कशी आहे यार. आपला अर्ज अडकलाय. उगाच कुणी नाव लिहून घेतलं तर?"

"तूच सांग."

"मी जावई आहे. मी कसं सांगू?"

मीही सांगितलं नाही. बाबा इतके खूश होते की माझी जीभच उचलेना. मी वेगळंच केलं. पुढे एका सपाट खडकावर आम्ही जेवायला बसलो. बाबा नातीला घेऊन हात धुवायला काठावर गेले, कॅमेरा त्यांनी माझ्याजवळ ठेवला. मी तो चालू केला. बंधाऱ्याचे सहा फोटो होते. ते मी एकेक करून काढून टाकले. प्रत्येक वेळी तो कॅमेरा विचारायचा, नक्की काढायचा का? मी सहाही वेळा हो म्हटलं. पाठीमागे बाबा नातीला सांगत असलेला हिशेब ऐकू येत होता: "आता ह्याला रुंदीनं गुणायचं."

मुलगी धावत आली. "आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"बॅटरी बघतेय गं."

मग आम्ही पुऱ्या खाल्ल्या. बाबांनी चार खाल्ल्या. मला एकही जाईना.

परत पार्किंगला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लांबूनच दिसलं. आमच्या गाडीच्या मागे पोलिसांची गाडी आडवी लावलेली, गणवेशातली दोन माणसं, आणि थोड्या अंतरावर तो पिकअप. राखाडी टोपीवाला आत बसला होता. नवरा पुटपुटला, "कुणी काही जास्त बोलू नका." मुलीनं माझा हात घट्ट धरला.

दोघांपैकी वयानं मोठा होता तो सभ्यपणे बोलला. एक तक्रार आली आहे, म्हणाला. पाणीपुरवठ्याच्या जागेचे फोटो, मोजमाप वगैरे. ओळखपत्रं दाखवाल का? नवऱ्यानं दोघांची लायसन्स दिली. बाबांचा पासपोर्ट मोटेलात होता. ते ऐकून तरुण पोलिसानं वहीत काहीतरी लिहिलं.

बाबा मात्र अजिबात गांगरले नाहीत. त्यांना वाटलं, हे दोघं त्या बंधाऱ्याचेच कुणी असतील, म्हणजे एका अर्थी आपल्याच खात्याचे. ते पुढे झाले आणि त्यांच्या त्या सरकारी, नेटक्या इंग्रजीत म्हणाले, "मी निवृत्त पाटबंधारे अभियंता आहे. तुमचं गेट अतिशय उत्तम राखलेलं आहे. मी त्याचे सहा फोटो घेतले आहेत. पाण्याचा वेगही मोजला. हवं तर दाखवतो."

आधी डायरी. मोठ्या पोलिसानं ती उलटसुलट करून बघितली. "ही कुठली भाषा?"

"मराठी."

"अरेबिकसारखी?"

"नाही," बाबा म्हणाले. "ही डावीकडून उजवीकडे जाते."

त्यानं बाबांना त्या दिवसाचं पान वाचून दाखवायला सांगितलं. बाबांनी चष्मा लावला आणि पार्किंगच्या मधोमध उभं राहून ते ओळीओळीचं इंग्रजी करून सांगू लागले. वीस पावलं, अकरा सेकंद. वीस पावलं, बारा सेकंद. हवा थंड, आकाश स्वच्छ. जावई घाटात गाडी फार सांभाळून चालवतो. नात हुशार आहे, पण दूध पीत नाही. मुलगी थकल्यासारखी दिसते, तिला एकदा विचारायला हवं. तेही त्यांनी वाचलं, त्याच आवाजात. तरुण पोलीस बुटांकडे बघत होता.

"ठीक आहे सर," मोठा म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला होता. मला वाटलं, सुटलो. "आता फक्त ते फोटो दाखवा, म्हणजे झालं."

बाबांनी कॅमेरा चालू केला. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. पुढे गेले, मागे आले. कड्याचा फोटो, नातीचा फोटो, आमचा तिघांचा जेवतानाचा फोटो. "इथे होते," ते म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "सहा होते. मी स्वतः घेतले."

मोठ्या पोलिसाचा चेहरा पुन्हा बदलला. "सर, वाटेत कुणाला भेटलात? कॅमेऱ्यातलं कार्ड बदललं का?"

"कार्ड?" बाबांना कॅमेऱ्यात कार्ड असतं हेच माहीत नव्हतं.

"तुम्ही म्हणताय सहा फोटो काढले. त्या माणसानंही तुम्हाला काढताना बघितलं. मग फोटो कुठे आहेत?"

बाबांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. आपल्याच हातून काही चुकलं, अशा नजरेनं ते कॅमेऱ्याकडे बघत होते. मला बोलायला हवं होतं आणि मी बोलत नव्हते. किती वेळ, ते मला आज सांगता येणार नाही; दहा सेकंदही असतील. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं.

"मी काढून टाकले," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. "का, मॅडम?"

"तो माणूस सकाळपासून आमच्या मागे होता. मला भीती वाटली."

"पण तुमच्या वडिलांनी काही चूक केली नव्हती ना?"

"नाही."

"मग पुरावा नष्ट केल्यासारखं का वागलात?"

बाबांनी कॅमेरा बंद केला, काळजीपूर्वक त्याच्या कव्हरमध्ये घातला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर सगळं लांबलं. दोघे आमच्या गाडीमागून मोटेलपर्यंत आले, पासपोर्ट बघितला, आमचे पत्ते, नवऱ्याच्या कंपनीचं नाव, परतीच्या तिकिटाची तारीख, सगळं लिहून घेतलं. कॅमेऱ्यातलं कार्ड पाकिटात घालून घेऊन गेले. निघताना मोठ्यानं बाबांशी हात मिळवला आणि "सॉरी अबाउट युअर डे, सर," म्हणाला. त्याचा सूर खरा होता, असं मला तेव्हा वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

संध्याकाळी बाबा मोटेलच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. ते म्हणाले, "त्या माणसानं माझ्यावर संशय घेतला, त्याचं मला काही नाही. तो मला ओळखत नव्हता."

पुढचं वाक्य येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही. "थंडी वाढली," म्हणून ते आत गेले.

घरी परतल्यावर कितीतरी महिने मी फोन वाजला की दचकायचे. कार्ड टपालानं परत आलं, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. मी ते पुन्हा कधी कॅमेऱ्यात घातलं नाही. त्यात त्यांनी काही करून ठेवलं असेल असं वाटायचं. नवऱ्यानं ते वेडेपणाचं म्हटलं, पण स्वतःही वापरलं नाही. एक पांढरी व्हॅन आठवडाभर आमच्या गल्लीच्या टोकाला उभी होती. शेवटी नवरा मुद्दाम तिकडून फिरून आला तर ती केबल दुरुस्तीवाल्यांची निघाली. ग्रीन कार्ड आलं, इतरांसारखंच रखडत रखडत आलं. त्या दुपारचा त्याच्याशी काही संबंध होता की नव्हता, कधी कळलं नाही.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. शेवटच्या दिवसांत माझ्याशी नेहमीसारखेच वागले. चहा चांगला झालाय म्हणाले, नातीला पाढे शिकवले. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

तीन वर्षांनी मी नागपूरला गेले होते. सकाळी बाबांचे खात्यातले तिघं जुने मित्र गॅलरीत जमले होते. मी आत पोहे करत होते. बाबा त्यांना कोलोरॅडोची गोष्ट सांगत होते. ती त्यांनी बरेचदा सांगितलेली असावी, कारण कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं. काळे कडे, हिरवं पाणी, गाळाची वाट. मग राखाडी टोपीवाला, मग पोलीस. "डावीकडून उजवीकडे," या वाक्याला सगळे हसले.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आले.

"मग फोटो?" एका काकांनी विचारलं. "आम्हाला दाखवा तरी."

"कुठले फोटो?" बाबा म्हणाले. "पोलिसांनीच काढून टाकले. तिथल्या तिथे."

काकांनी अमेरिकेला एक शिवी हासडली. तेवढ्यात बाबांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले. मग ते मित्राला म्हणाले, "घे, पोहे घे. गरम आहेत."

त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, की आपल्या मुलीनं असं केलं हे चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटत होती? त्या वाक्याचा मी खूप विचार केला आहे. बाबांना विचारलेलं मात्र नाही. मी बश्या ठेवल्या, लिंबाच्या फोडी आणायला आत गेले, आणि बाहेर त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी धरणाची गोष्ट सुरू केली.